सावळेराम सकाळी जागेवर नव्हता

गाडीतून उतरलेली म्हातारी ओट्यावर चढली आणि समोर बसलेल्या ठमाबाईचं तोंड तिने दोन्ही हातांत धरलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. पिंपळवंडीत ती बोली कुणी कधी ऐकली नव्हती.

"आजी म्हणते, कपाळ तेच आहे," सोबत आलेली तिची नात मायोरी म्हणाली.

ऐंशी पार केलेल्या ठमाबाईने आपल्या बापाला कधी पाहिलंच नव्हतं. ती आईच्या पोटात असताना सावळेराम पलटणीबरोबर बरम्याच्या सरहद्दीवर जपान्यांशी लढायला गेला. मागून खबर आली ती एवढीच, की तो जंगलात बेपत्ता झाला. लढाई संपल्यावर त्याच्याच तुकडीतला गावचा सोपान परत आला. पारावर लोकांनी त्याला विचारलं. "सावळेराम सकाळी जागेवर नव्हता," तो म्हणाला. बाकीचं गावाने जोडलं. भिऊन पळाला. तिकडंच दुसरं घर केलं. ठमाबाईच्या आईने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, त्यालाही लोक हसले. ठमाबाई पळपुट्याची लेक म्हणून वाढली. लग्न होऊन गावातच राहिली, म्हणून ते नाव सासरीही तिच्या मागे आलं.

तिची नातसून स्नेहल हिला ते खुपायचं. त्या लढाईत हरवलेल्यांच्या घरच्यांनी मोबाइलवर एक ग्रुप केला होता. स्नेहलने त्यात सावळेरामचा होता तो एकमेव फोटो टाकला. खाली लिहिलं, डाव्या कानाची पाळी फाटलेली. ग्रुपमध्ये जिथे लढाई झाली त्या डोंगरातली माणसंही होती. मायोरी त्यांतलीच, मणिपूरची. ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने आजीला पुण्याला आणलं होतं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिने आजीला फोटो दाखवला. आजी म्हणाली, हा माणूस आमच्या घरात राहिला होता. आता मला त्याच्या घरी ने.

बातमी कळून शेजारपाजार ओट्यावर जमला होता. सोपानचा मुलगा दादाभाऊही आला होता. तो खांबाशी हाताची घडी घालून उभा राहिला.

म्हातारी सांगू लागली. मायोरी ते मराठीत सांगत गेली.

जपानी फौज डोंगरावर आली तेव्हा आजी लहान पोर होती. मोठी लढाई झाली. पलटण अंधारात जंगलातून मागे हटली. पहाटे आजीचा बाप सरपणाला गेला, तर ओढ्यात एक शिपाई पडलेला. मांडीत गोळी. बापाने त्याला पाठीवर घेतलं, घरी आणलं आणि भाताच्या कणगीमागे लपवलं.

"म्हंजे आमचा बा खोटं बोलला न्हाई," दादाभाऊ हळूच म्हणाला. "पन पुढचं त्याला ठावंच नव्हतं."

मायोरी पुढे सांगू लागली.

शिपायाची भाषा गावात कुणाला येत नव्हती. त्याचा ताप उतरत नव्हता. घराघरातून त्याच्यासाठी पेज यायची. मग एक दिवस शिपायाचा माग काढत जपानी गावात शिरले. मोठ्या माणसांना त्यांनी चर्चपुढच्या मैदानात बसवलं आणि मशाली पेटवल्या. शिपाई कुठं आहे ते सांगा, नाहीतर एकेक घर जाळतो. वर्षाचं धान्य त्या घरांत होतं. पोरंबाळं त्या घरांत होती.

"कुणीच बोललं नाही," मायोरी म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत होतं. तरी कुणीच नाही."

पुढचं आजीकडून ऐकून ती सांगू लागली.

"मग ते स्वतः बाहेर आले. हात वर करून, लंगडत. त्यांना घेऊन जपानी खाली नदीकडे गेले. ते शिपाई पुन्हा कुणाला दिसले नाहीत. गावातलं एकही घर जळलं नाही."

ओट्यावरची माणसं कधी उभी राहिली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दादाभाऊने टोपी काढून हातात घेतली होती.

"आमच्या चर्चमध्ये अजून त्यांच्यासाठी प्रार्थना होते," मायोरी म्हणाली. "गावात कुणाला नाव माहीत नाही, म्हणून बाहेर आलेला माणूस असं म्हणतात. मी ते ग्रुपवर वाचलं, पण आजीला ते घरच्यांच्या तोंडून ऐकायचं आहे."

"सावळेराम," ठमाबाई म्हणाली.

म्हातारीने ते नाव सावकाश उच्चारून पाहिलं. चुकली. ठमाबाईने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा उच्चारलं, आणि या वेळी ते बरोबर आलं.

दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग ठमाबाई मायोरीकडे वळली.

"पोरी, तिला एक इचार. माजा बाप बाहेर निगाला, तवा भ्याला व्हता का?"

स्नेहलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, आता कशाला ते?"

"इचार तू," ठमाबाई म्हणाली. "खरं काय ते सांग म्हनावं."

मायोरीने विचारलं. म्हातारीने डोळे मिटले. तिला नाही म्हणता आलं असतं, आणि तिथल्या सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. ती बोलू लागली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मायोरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग सांगितलं.

"हो, खूप भ्याले होते. त्यांना चालता येत नव्हतं, म्हणून आजीच्या खांद्यावर हात ठेवून ते दारापर्यंत आले. तो हात सारखा थरथरत होता. तिला वाटलं, बाहेरही त्यांना आपणच न्यायचं आहे. दारात त्यांनी तिला मागे आत ढकललं, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं."