पुजलेली हत्यारं

साताऱ्याहून निघून तिसऱ्या दिवशी जयपूरजवळच्या सांगानेरच्या अलीकडे माझ्या मोटारसायकलची चेन उतरली. पिशवी उघडली, तर आत एकही हत्यार नव्हतं. खंडेनवमीला पुजलेली सगळी हत्यारं दसऱ्याला निघायच्या घाईत देवघरातच राहिली होती. लष्करात तीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला मी साध्या पान्यावाचून रस्त्याकडेला उभा! नाइलाजाने लेकीला फोन लावला. कस्तुरी चार वर्षांपासून जयपुरात नोकरी करते. हल्ली तिचं निम्मं बोलणं हिंदीत असतं, त्यामुळे पोरगी तिकडचीच झाली, असं मी धरून चाललो होतो. ती स्कूटरवरून आली. चार वर्षांपूर्वी तिला निरोप देताना मीच बांधून दिलेली पान्यांची गुंडाळी तिने माझ्यासमोर उलगडली. प्रत्येक पान्यावर हळदकुंकू होतं, एकाला झेंडूची सुकलेली पाकळीही चिकटली होती. मला तो पाना उचलवेना. हेल्मेट काढत ती म्हणाली, "मतलब बाबा, पुजलेली हत्यारं दसऱ्याला उचलायची पण असतात ना!"