मंगळावरची आयरिस

मंगळावरच्या गारठलेल्या घुमटात यामिनी पाणथळ वाफ्यातल्या आयरिसच्या फुलझाडांवर पुन्हा गोधडी घालायला निघाली, तशी शेजारच्या मालतीकाकूंनी तिचा हात धरला.

"अगं बाई, किती ते लाड! पाणी दे हवं तेवढं, पण थंडी लागू दे की त्यांना. उबेत नुसती पानं वाढतील, फूल नाही यायचं."

"आणि माझी रेवा?" यामिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तान्ह्या रेवाची जनुकं इथल्या थंडीसाठी बदलली होती. पण आता उबेत निजवलं तर तिला जन्मभर हीटरशेजारीच राहावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तिचंही तेच, बाळा."

यामिनीने पाळण्यातलं दुपटं काढलं. रेवाने हातपाय ताणले, एक जांभई दिली आणि ती गाढ झोपली. दुपटं छातीशी धरून कुडकुडत होती ती यामिनीच.