तिसऱ्यांदा नको

"नको," आर्डिसबाई म्हणाल्या.

वर्कशॉपच्या काउंटरपलीकडच्या कर्टने ते मनावर घेतलं नाही. घेणार तरी कसं? मिनेसोटाच्या त्या भागात पहिलं "नको" म्हणजे नुसता शिष्टाचार. दुसरंही शिष्टाचारच, फक्त जरा हळू आवाजातलं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की माणूस "बरं, इतकं म्हणताच आहात तर" म्हणतो आणि हात पुढे करतो. मग समोर कॉफी असो, केकचा तुकडा असो, नाहीतर स्वतःचीच बिघडलेली गाडी असो.

"बाई, गाडी इथे नुसती धूळ खातेय," कर्ट म्हणाला. तिसरीत त्याला बाईंनीच शिकवलं होतं. पन्नाशी आली तरी त्याच्या तोंडून दुसरी हाक निघत नसे. "पार्ट कधी येईल, कंपनीलाच माहीत नाही. तोवर घरी न्या. सावकाश चालवा. आला की मी स्वतः फोन करतो."

गाडी सात महिन्यांची, लालचुटुक, आणि चालता चालता मध्येच बंद पडणारी. कंपनीने पत्रं धाडून अशा सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. बोलावल्या खऱ्या, पण बदलायचा पार्ट अजून कुठे तयारच नव्हता. यापूर्वी दोनदा बाईंनी असंच "बरं" म्हणून गाडी घरी नेली होती. दुसऱ्या वेळी ती हमरस्त्यावर बीटाने भरलेल्या ट्रकपुढे बंद पडली. शेजारी बसली होती थोरली बहीण लवॉन. ट्रकवाल्याने ब्रेक कसा मारला ते देव जाणे. दोघी बहिणी खाली उतरल्या आणि आधी त्याचीच माफी मागून आल्या.

लवॉनची मुलगी क्रिस्टन एका वकिलाकडे कामाला होती. ती काल फोनवर कडाडली होती.

"मावशी, नवी गाडी दुरुस्तीसाठी कामाचे एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, की कायद्याने कंपनीला ती परत घ्यावी लागते. तुझे सव्वीस भरलेत! म्हणून तर घरी ने, घरी ने चाललंय. नेलीस की मोजणी थांबली."

"पण कर्ट किती चांगला मुलगा आहे गं."

"असू दे चांगला. माझी आई परत त्या गाडीत बसणार नाही. तू फक्त नाही म्हण. एवढंच कर."

एवढंच! एकाहत्तर वर्षांत बाईंनी कुणाला धड नाही म्हटलं नव्हतं. दारावर आलेल्या विक्रेत्यांमुळे त्यांच्या घरी तीन व्हॅक्यूम क्लीनर होते.

"टाकी भरून देतो," कर्टने दुसऱ्यांदा आग्रह केला. "धुऊन, पुसून, अगदी दारात आणून उभी करतो."

"नको रे, कर्ट."

आवाज थोडा खाली गेला होता, दुसऱ्या नकाराचा जावा तसाच. कर्टचा जीव भांड्यात पडला. त्याने खुंटीवरची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. मागच्या बाकावर पेपर वाचत बसलेल्या शेतकऱ्यानेही, झालं आता, म्हणून पान उलटलं.

"घ्या आता, बाई," कर्ट हसून म्हणाला. "नाही नेलीत तर मला वाईट वाटेल."

बाईंच्या ओठांवर "बरं" येऊन बसलं. हातही निम्मा पुढे गेला. आणि त्यांना लवॉन दिसली. त्या दिवशी पर्स पोटाशी धरून, ट्रककडे बघत, चकार शब्द न काढता बसलेली. कारण त्यांच्या घरात तक्रार करायची पद्धतच नव्हती. भीड भिकेची बहीण म्हणतात. बाईंची भीड तर सख्ख्या बहिणीच्या जिवावर उठली होती. त्यांना त्या क्षणी खरोखर भीती वाटली, ट्रकची नव्हे, स्वतःच्या गोड स्वभावाची.

"नको," त्या म्हणाल्या. चांगलं मोठ्याने.

शेतकऱ्याचा पेपर खाली आला. चौथ्या आग्रहाचा रिवाज त्या मुलखात नाही, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते कर्टला कुणी शिकवलंच नव्हतं.

बाईंनी किल्ली त्याच्याकडे सरकवली. "गाडी इथेच राहील. तसं कागदावर लिही. दुरुस्तीसाठी जमा, पार्ट यायचा आहे. आजची तारीख घाल, सही कर. आणि अक्षर नीट काढ, तुझा सात नेहमी एकच्या आकड्यासारखा दिसतो."

कर्टचे कान लाल झाले. त्याने मालकाच्या काचेच्या केबिनकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घालून लिहिलं. कागद देताना तो हळूच म्हणाला, "खरं सांगू, बाई? माझ्या आईला मी ती चालवू दिली नसती."

"मग मला रे का देत होतास?"

"साहेबांना नाही म्हणता येत नाही हो."

"येतं," बाई म्हणाल्या. "गुडघे थोडे थरथरतात, बस."

कागद पर्समध्ये ठेवून त्या वळल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की येताना शेजारणीने सोडलं होतं आणि ती कधीच पुढे निघून गेली होती. घर नऊ मैलांवर.

कर्टच्याही ते लक्षात आलं. "बाई, मी सोडतो घरी," तो म्हणाला, आणि सवयीने पुढचं जुळवू लागला, की मला काही त्रास नाही, मला तिकडेच जायचंय, खरंच जायचंय...

"चल," बाई म्हणाल्या, आणि तो पुन्हा तोंड उघडेपर्यंत दाराबाहेर पडल्याही.