लेकरं सांभाळायला एक बाई

भैयाजी मुकादमानं सकाळच्या हजेरीत ठमाबाईचं नाव पुकारलं, तेव्हा तिला वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतो आहे. घमेलं उचलवत नाही म्हणून ह्याच भैयाजीनं तिला रोजगार हमीच्या कामावरून परत पाठवलं होतं. तेव्हापासून रानातला पाला नि मोहफुलं वेचून म्हातारी दिवस ढकलत होती.

पण आज थट्टा नव्हती. आदल्या दिवशी गुलाबभाऊ सायकलला भोंगा बांधून तलावातला गाळ काढायच्या ह्या कामावर आला होता. वकिली शिकलेला पोरगा. सावली गावच्या बाजारात, तेंदूपानं गोळा होतात त्या फडीवर, जिथं माणसं जमतील तिथं कायदा सांगत फिरायचा. नवऱ्यानं टाकलं तर काय करायचं, कारखान्याचं घाण पाणी नाल्यात आलं तर कुठं जायचं, सगळं सांगायचा, आणि तेही फुकट. काल त्यानं सांगितलं, की हमीच्या कामावर प्यायला पाणी पाहिजे, सावली पाहिजे, आणि बायांसोबत लेकरं असली तर ती सांभाळायला एक बाई पाहिजे. तिलाही मजुरी मिळते. झालं! बायांनी भैयाजीला घेरलंच.

भैयाजी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं नाही म्हटलंच नाही. बाई दिली, आणि ती ठमाबाई दिली. ठमाबाईची नजर लागते, असं गाव म्हणत होतं. मागच्या उन्हाळ्यात मंगलीचा मुलगा तापानं गेला. त्या सकाळी तो ठमाबाईच्या मांडीवर खेळला होता. एवढंच. पण तेवढ्यावरून ती दिसली की आया लेकरं पदराआड घ्यायला लागल्या. तिनंही मग कोणाच्या लेकराला हात लावला नाही.

"कायद्यानं बाई मांगली, मी देली," भैयाजी बायांना म्हणाला. "आता दुपारच्या सुट्टीपर्यंत एकबी लेकरू तिच्याजवळ नाई आलं, तं मी वर कळवतो, का बायायलेच बाई नोको."

गुलाबभाऊ बाई मिळाली की नाही ते बघायला आजही आला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार पडला.

"याचं कलम माझ्याजवळ नाई, बायाहो," तो म्हणाला. "लेकरू कोनाजवळ द्याचं, ते मायनंच ठरवाचं."

ठमाबाई तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. फांदीला लुगड्याची झोळी बांधली नि रिकाम्या झोळीकडे बघत राहिली. खाली तलावाच्या कोरड्या पोटात रांग लागली. ह्या कामाची रीतच तशी. खड्ड्यापासून पाळीपर्यंत बाया जागच्या जागी उभ्या राहतात आणि गाळाचं घमेलं हातोहात वर चढतं. एकीनं जागा सोडली की अख्खी रांग खोळंबते, आणि मग भैयाजीचं तोंड सुटतं. म्हणून तान्ही लेकरं खड्ड्यापाशीच, गाळाच्या ढिगाच्या सावलीत निजवलेली होती.

ऊन चढलं तशी ती सावलीही आटली. ठमाबाईला वरून सगळं दिसत होतं. खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या कांताच्या तान्हीच्या तोंडावर ऊन आलं, पोर रडून रडून लाल झाली. म्हातारीच्या जिवाची नुसती तगमग. अगं, घ्या ना कोणीतरी तिला. माझ्याजवळ नका देऊ, पण घ्या, असं तिला होऊन गेलं. उठून खाली जावं, तर बाया ओरडतील. मजुरी गेली तर गेली, रानातला पाला होताच. पण आज झोळी रिकामी राहिली, तर गावाचं म्हणणं कायमचं खरं होऊन बसणार होतं.

खाली कांतानं हातातलं घमेलं बाजूला ठेवलं. वाकून पोरीला उचललं, जरा वेळ उराशी धरलं. जागा तिनं सोडली नाही. शेजारच्या सोमारीच्या हातात पोर दिली आणि म्हणाली, "वर दे."

सोमारीनं एकवार मोहाकडे पाहिलं आणि दिली पुढं. पोर ह्या हातातून त्या हातात चढायला लागली. मनात आणलं असतं तर कोणतीही बाई तिला थांबवू शकली असती. रांगेतली अंजनाबाई थांबली खरी. पण तिनं पोरीच्या गालाचा गाळ पदरानं पुसला आणि तिला पुढं दिलं. घमेली खालीच पडून राहिली. भैयाजीनं हजेरीच्या वहीत डोकं घातलं.

रांगेच्या टोकाला, पाळीवर, मंगली होती. पोर तिच्या हातात आली आणि तिथंच राहिली. खालच्या बाया माना वर करून बघत होत्या. मंगली कोणाकडेच बघत नव्हती, फक्त पोरीकडे.

ठमाबाई उठून उभी राहिली, पण हात पुढं करायची तिची छाती होईना. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले. नको देऊ, माय, मी काही म्हणणार नाही, असं तिला सांगायचं होतं.

मंगली चालत तिच्यापुढं आली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र रोजचाच होता.

"हात काढ बाहेर," ती म्हणाली. "मानीखाली धरजो. पोट्टी मान सावरत नाई अजून."