चोरदरवाजा

समुद्रकाठचा तो किल्ला आणि त्याचा टेहळणीचा बुरूज पाहुण्यांना दाखवावा तर आत्याबाईंनीच, अशी अडतीस वर्षांची रीत होती. त्यांनीच लहानाचा मोठा केलेला भाचा यंदा त्यांच्याच शब्दावर किल्ल्याच्या कार्यालयात नोकरीला लागला.

"आत्या, एकदा सगळा किल्ला मला सांग. मोबाइलमध्ये घेऊन ठेवतो," तो म्हणाला. "घरातल्या पोरांना तुझा आवाज राहील."

"मेल्या, मी काय उद्याच चालले?" असे म्हणून त्यांनी त्याला दटावले खरे, पण दोन दिवस बुरुजाची पायरी न् पायरी चढून, घसा बसेपर्यंत सारे सांगितले. कोणती पायरी निसरडी आहे, तेही सोडले नाही.

पुढच्या सोमवारी त्या नेहमीसारख्या महाद्वारात जाऊन उभ्या राहिल्या. तिकिटाच्या खिडकीत बसलेला भाचा येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हेडफोन देत होता. त्यांना पाहून त्याने मान खाली घातली.

"चल गं, मी दाखवते," त्या एका मुलीला म्हणाल्या.

"नको आजी, आता गाइड लागत नाही. ह्यात सगळं आहे. ऐका ना, किती छान सांगतात त्या बाई." मुलीने हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

आत त्यांचाच बसका आवाज सांगत होता, "शत्रूच्या तोफांनी हा किल्ला पडला नाही, बाळांनो. हा चोरदरवाजा घरच्याच माणसाने आतून उघडला."