श्रावणातलं मौन

माझा अंगद मॅट्रिक पास झाला आणि औरंगाबादच्या कॉलेजसाठी त्यानं सरकारी वजिफ्याचा अर्ज केला. वजिफा मिळाला तरच पुढचं शिक्षण, नाहीतर जन्मभर बापासारखी लोकांची मेंढरं राखायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या श्रावणात मी मौन धरलं होतं. दुपारी खंडोबाला नैवेद्य दाखवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

घरची परिस्थिती बघायला तालुक्याहून महसुलाचे अंमलदार, गिरदावर, आले ते नेमके सकाळी. घरात मी एकटीच होते. त्यांनी दारातल्या मेंढरांकडं बोट केलं.

"ही सगळी तुमचीच का बाई?"

आमची त्यात चारच होती, बाकी सारी गावकऱ्यांची. ते सांगायला मी गावाकडं हात केला.

"तिकडंबी हायेत? मग पोरगा कशाला वजिफा मागायलाय!" असं म्हणून ते कागदावर लिहू लागले.

मी घाबरून हात जोडले. त्यांना तो निरोपाचा नमस्कार वाटला. "येतो," म्हणून ते घोड्यावर बसलेसुद्धा. नैवेद्य होताच मी वेशीपर्यंत धावत गेले, पण रस्त्यावर कुणीच नव्हतं.

महिन्याभरानं अर्ज नामंजूर होऊन आला. अंगद माझ्यापुढं बसून रडला. "माय, 'लोकांची हायेत' एवढं तरी बोलायचं व्हतंस! तुझं मौन माझ्यापेक्षा मोठं हाय का?"



मौन धरलं होतं ते त्याच्या वजिफ्यासाठीच, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.