चेअरमनच्या जीपचा सायलेन्सर

"आदी त्या जीपचं तोंड बंद करा, न्हाईतर मी धारूरला भावाकडं चालले!" सिंधुबाईनं पिठाचा हात नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला.

"काय म्हणलीस?" ज्ञानोबा ओरडला.

ओरडायचं खरं तर काही कारण नव्हतं. बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. पण दूध संघाच्या चेअरमनची फुटक्या सायलेन्सरची जीप तीन वर्षं चालवून त्याचे कान बधिर झाले होते, आणि त्याला वाटायचं सगळं जगच बहिरं आहे. मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं. मग तीही तसंच द्यायची. शेजारपाजाऱ्यांनी ऐकणंसुद्धा सोडून दिलं होतं.

त्या दिवशी मात्र भांडायला कारण होतं. दावणीला एकच गाय उरली होती आणि तिच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. दुसरं वर्ष कोरडं चाललेलं. सभासदांना चारा वाटू म्हणून संघानं कबूल केलं होतं, त्याला आठ दिवस झाले. काडी आली नव्हती.

"रोज चेअरमनच्या मांडीला मांडी लावून बसता. एकदा तरी इचारलं का, चारा कुठं हाय म्हणून?"

"गाडीत कायबी ऐकू येत न्हाई! इचारू कसं?"

"मग ती गाडी गप करा आन इचारा! गाय मेल्यावर इचारणार का?"

ज्ञानोबा चिडला. गाडी गप करायची कशी? चेअरमन अर्जुनराव नवा सायलेन्सर घेत नव्हते. वार्षिक सभेत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "संघ अडचणीत आहे. सभासदांच्या पैशानं मी माझ्या कानांचे लाड करणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ज्ञानोबानं तर सगळ्यांत जोरात.

रविवारी जीप घरी दारात होती, तेव्हा तो तिच्याखाली शिरला. पाइपाला बोट जाईल एवढं भोक होतं, आणि पुढं फाटतच गेलं होतं. तेलाचा डबा कापून त्यानं पत्रा काढला. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटेचा चुरा केला, त्यात माती आणि मूठभर मीठ घालून मळायला बसला. सिंधुबाई उभी राहून बघत होती.

"सरका तिकडं. माती मळता येत न्हाई आन म्हणं डायवर."

तिनं मळली, त्यानं लिंपली. वर पत्रा गुंडाळला आणि पकडीनं तार पिळून पिळून आवळली. तासभर इंजिन चालू ठेवून लेप भाजला. धूर निघाला, वास सुटला, आणि आवाज असा बसला की गोठ्यात गायीनं कान हलवल्याचं ऐकू आलं. ज्ञानोबाला लई आनंद झाला. चेअरमन शाबासकी देतील, तेव्हाच चाऱ्याचं काढायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी संघाच्या फाटकाशी ही गर्दी. बाया-माणसं, दाव्याला धरलेली हाडकुळी गुरं. सगळ्यांच्या पुढं गाय घेऊन सिंधुबाई उभी होती. अर्जुनरावांनी पायरीवर येऊन हात जोडले.

"मंडळी, चारा परळीच्या रेल्वे स्टेशनात अडकलाय. मी काय गप्प बसलोय का? आत्ताच बीडला निघालोय."

ते ज्ञानोबाशेजारी बसले. सेक्रेटरी आप्पाराव मागं. ज्ञानोबानं गालात हसत चावी फिरवली.

चावी फिरली की अर्जुनरावांचं तोंड सुटायचं, ही तीन वर्षांची सवय. ते मागं वळले, तोंडाला हाताचा आडोसा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"आप्पाराव! चाऱ्याचे दोन्ही ट्रक रातीच माझ्या मळ्यात उतरवले ना? लोकांना अजून आठ दिवस परळी-परळी करून झुलवा! तोवर सगळा चारा बाजारात काढू!"

जीप नुसती घुमत होती. टपाला कापड, खिडकीला काच नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द न शब्द गेला.

आप्पाराव तोंडाचा आ करून बसले. अर्जुनरावांचा हात तोंडाशीच राहिला. ज्ञानोबानं वळून अर्जुनरावांकडं बघितलं. आठ दिवस हा माणूस मांडीला मांडी लावून बसून हेच बोलत होता, आणि आपली गाय तिकडं भुकेनं मरत होती!

"मळ्यात हाय व्हय चारा?" सिंधुबाई म्हणाली. ती ओरडली नाही. तिनं दावं मनगटाला गुंडाळलं आणि गाय मळ्याच्या वाटेला वळवली. तिच्यामागं दुसरी वळली, मग सगळी गर्दीच वळली. कुणीतरी जाता जाता जीपवर थुंकलं.

"काढ गाडी!" अर्जुनराव किंचाळले. "आडवाटेनं घे! त्यांच्या आधी मळ्यात पोचलं पाहिजे!"

ज्ञानोबानं इंजिन बंद केलं आणि चावी काढून खिशात टाकली.

"न्हाई, सायेब."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"न्हाई येत."

तो खाली उतरला. अर्जुनरावांनी बाहेर झुकून त्याची कॉलर धरली.

"कुणी सांगितलं होतं तुला दुरुस्त करायला? नवा सायलेन्सर तीन वर्षं माझ्या घरी माळ्यावर पडलाय. बसवायचाच असता, तर मी बसवला नसता का बे?"